पाखरांची शिरगणती : पौषातली आणि आषाढातली



आपल्या जिल्ह्यातल्या पक्ष्यांविषयीचा मला ठाऊक असलेला सर्वांत जुना नेमका आकडा ९६१ हा आहे. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका साहेबानं १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर जिल्ह्यात एवढे माळढोक मारले, अशी नोंद पक्षिशास्त्राच्या लेखनात वारंवार येते. साडेनऊशे नाही, हजारभर नाही, बरोबर ९६१. मारलेल्या पाखरांचा हिशेब माणूस किती चोख ठेवतो पाहा! जिवंत पाखरांचा तसा हिशेब ठेवायला पुढे दीडशे वर्षं जावी लागली, तोही मुख्यतः पाण्यावरच्या पाखरांचा. आज देशभरच्या रानात मिळून माळढोक दीडशेच्या आत उरले आहेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात.

पत्रिकेवर आजचा विषय ‘संरक्षित रानं व पाणथळींतील पक्षिवैविध्याचं सर्वेक्षण’ असा भारदस्त छापला आहे. आत येताना एका मित्रानं विचारलंच, की पाथर्डीत प्यायच्या पाण्याची मारामार, इथं कसली आली पाणथळ? प्रश्न रास्त आहे. पण नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला शेवगाव ओलांडलं की नाथसागराचं पाणी दिसू लागतं. ते जायकवाडी पक्षी अभयारण्य. गर्भगिरीचे डोंगर ओलांडून बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे उतरलं की नायगावचं मयूर अभयारण्य. कर्जतच्या अंगाला रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं, पण आहे. ही तीन सरकारी कुंपणं आणि त्यांच्यामध्ये आपण, म्हणजे माळ, मुरूम, पाझर तलाव, बाभळी आणि बाजरी. पाखरांना कुंपण ठाऊक नसतं, हे सगळेच म्हणतात. मोजणाऱ्यांना मात्र ते फार ठाऊक असतं, ही माझी तक्रार आहे.

मोजणीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या अंगणातला आहे. कर्नल विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी. दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचं काम त्याच्याकडे होतं. गावं, पिकं, कर यांचे आकडे टिपता टिपता त्यानं पाखरंही टिपली आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात प्रसिद्ध केली. आपल्या ढोरवाटांवर भुईसरपट धावणारा तुरेवाला तांबूस चंडोल आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. हाच साईक्स पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेचा अध्यक्ष झाला. पाखरं आणि आकडे यांची सोयरीक आपल्याकडे अशी जुनी आहे.

त्यानंतर आपल्या शेजारच्या नेवासे तालुक्यात, वडाळ्याला, अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युअल फेअरबँक राहून गेले. धर्मप्रसाराचं काम सांभाळून हा माणूस पक्षी पाही, नमुने जमवी आणि ए. ओ. ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात लिही. दक्षिणेत पळणीच्या डोंगरातल्या एका गाणाऱ्या पक्ष्याला १८६९ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. वडाळ्याचा साहेब आणि कोडाईकनालचा पक्षी!

मग १९३१-३२ साली सलीम अलींनी हैदराबाद संस्थानाचं पक्षिसर्वेक्षण केलं. तेव्हा गोदावरीपलीकडचं पैठण निजामाचं, डोंगरापलीकडचं बीडही निजामाचं आणि आपण मधे इंग्रजी अमलात. म्हणजे पहिलं शिस्तशीर सर्वेक्षण आपल्या दोन बाजूंच्या संस्थानाचं झालं. आपला तालुका तेव्हाही मधेच राहिला.

या जुन्या याद्यांविषयी मला आदर आहे. पण त्यांतून ‘काय होतं’ ते कळतं, ‘किती होतं’ ते कळत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, पाहणारा किती वेळ पाहत होता, कुठून कुठे चालला, कोणत्या महिन्यात गेला आणि काय दिसलं नाही, हे बहुतेक वेळा कळत नाही. यादी आणि सर्वेक्षण यांतला फरक इथेच आहे. ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी हजेरी घेताना गैरहजर मुलाचं नाव दोनदा पुकारत आणि मग तांबड्या शाईनं फुली मारत. हजेरीपट नुसत्या हजर मुलांचा असता तर महिनाअखेरीला कोण गळालं हे कसं कळलं असतं? सर्वेक्षणात ती फुली लागते. ‘सकाळी सहा ते सात, एक किलोमीटर चाललो, धाविक दिसला नाही’ हे वाक्य म्हणजे माहिती आहे. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणी त्याच वाटेनं, त्याच महिन्यात, तेवढाच वेळ चालून बघितलं, तरच त्या दोन कागदांची तुलना होते.

आता नाथसागर. ऑक्टोबर १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. दहा किलोमीटरच्या आसपास लांबीचं मातीचं धरण, सत्तावीस दरवाजे. धरण भरलं की पाण्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात जातो. मैदानी मुलखात बांधल्यामुळे हे पाणी ताटात सांडल्यासारखं पसरलं आणि गावंच्या गावं पोटात घेऊन बसलं. अभयारण्य घोषित झालं १९८६ साली, म्हणजे धरणानंतर दहा वर्षांनी. आधी पाखरं आली, मग सरकार आलं.

हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून येणाऱ्या बदकांची दाटी होते. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, चक्रवाक. मंगोलिया-तिबेटाकडून हिमालयावरून उडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस. करकोच्यांचे थवे उतरतात ते हरभऱ्यावर, आणि त्यांच्याविषयी शेतकऱ्याचं मत विचाराल तर ते छापण्याजोगं नसतं. जानेवारीत इथे मोजणी होते. आशिया खंडातल्या पाणपक्ष्यांची ही गणना १९८७ पासून चालू आहे. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा निवडण्यामागे हिशेब आहे. त्या सुमारास स्थलांतर थांबलेलं असतं, पाखरं ठिकाणाला स्थिरावलेली असतात. सगळीकडे एकाच पंधरवड्यात मोजलं की एकच थवा दोन तलावांवर मोजला जाण्याची शक्यता घटते.

मोजतात कसं, ते एकदा जवळून पाहा. दुर्बीण तिकाटण्यावर बसवायची, ऊन पाठीशी ठेवायचं. एकानं डोळा लावायचा, दुसऱ्यानं वही धरायची. डोळा लावणाऱ्यानं लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्यानं मत द्यायचं नाही. थव्याच्या कडेची दहा बदकं एकेक करून मोजायची. ती किती जागा व्यापतात ते नजरेत पकडायचं, मग तसे दहा तुकडे म्हणजे शंभर. असं शंभराच्या मापानं डावीकडून उजवीकडे सरकत जायचं आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे. दोन आकड्यांत फार तफावत आली की तिसऱ्यांदा. एवढ्यात दलदलीवरचा भोवत्या पंख उचलून घिरटी घालतो, सगळा थवा उठतो, पाण्यावर नुसता गलका होतो, आणि वहीवाला शांतपणे पान उलटून नव्यानं वेळ टाकतो. त्या माणसाचा स्वभाव हे या कामातलं खरं उपकरण आहे.

पण या आकड्यांचा अर्थ लावताना आपण घसरतो. पाऊस चांगला झाला, धरण काठोकाठ भरलं की जानेवारीत बातमी येते : ‘नाथसागराकडे पक्ष्यांची पाठ’. आणि धरण अर्ध्यावर असलं की ‘विदेशी पाहुण्यांनी जायकवाडी गजबजली’. वाचणाऱ्याला वाटतं, पाखरांना दुष्काळ आवडतो की काय! कारण साधं आहे. चिखलात चोच खुपसणाऱ्या आणि उथळ पाण्यात उभं राहून खाणाऱ्या पाखरांना वीतभर पाण्याचा काठ लागतो. शेकाट्या, शराटी, चमच्या, रोहित, ही सगळी मंडळी त्या काठावर जगतात. धरण भरलं की तो काठ बुडतो. त्याच वर्षी आपले पाझर तलाव, बंधारे, नाले तुडुंब असतात. बाहत्तरच्या दुष्काळात गावोगाव खडी फोडून आणि माती वाहून लोकांनी जे तलाव बांधले, ते भरल्यावर पाखरं तिकडे पांगतात. ती कुठे गेली नाहीत, तुमच्या गावात आली. मोजणारे मात्र दुर्बिणी घेऊन धरणाच्या भिंतीवर उभे. त्यामुळे नाथसागराचा आकडा खरा वाचायचा असेल तर त्याच सकाळी शेवगाव-पाथर्डीचे पंधरावीस तलाव मोजले गेले पाहिजेत. नांदूर मध्यमेश्वरला ही अडचण कमी, कारण तो जुना, गाळानं भरलेला उथळ बंधारा आहे. म्हणूनच तिथे पाणपक्ष्यांचं चांगलं बस्तान बसलं आणि २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं.

उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. त्याच उघड्या बेटांवर नदी सुरय आणि आर्ली जमिनीवरच अंडी घालतात. तिथे मोटारींचे पाइप असतात, भोई-कहार मंडळींच्या होड्या असतात, कुत्री असतात. विणीचा हा काळ जानेवारीच्या गणनेत दिसत नाही, हे उघडच आहे. आता याच पाण्यावर तरंगते सौरऊर्जा संच बसवण्याचा प्रस्ताव आहे, आणि त्यावरून न्यायालयापर्यंत वाद गेला. वीज लागते, मला नाकारायची नाही. पण कोणत्या भागात कोणत्या महिन्यात काय असतं याची वर्षभराची नोंद आधी असल्याशिवाय ‘परिणाम होईल’ म्हणणारा आणि ‘होणार नाही’ म्हणणारा, दोघेही अंदाजच बोलतात.

देशपातळीवर अशा नोंदींचं काय होतं ते सांगतो. हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा अहवाल निघाला. ९४२ जातींचा विचार त्यात झाला. दीर्घकालीन कल ज्यांचा सांगता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ घटल्या आहेत. झपाट्यानं घटणाऱ्यांत थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही नावं आहेत, म्हणजे नाथसागरावर आपण ज्यांना ‘चिक्कार’ म्हणतो तीच. आणि त्याच यादीत धाविक आहे. मोर मात्र वाढतो आहे. नायगावच्या अलीकडे-पलीकडे ज्यांची शेतं आहेत त्यांना हे सांगायला अहवाल लागला नसता.

धाविकाशी थांबतो, कारण तो आपला आहे. तांबूस अंगाचा, डोळ्यावर पांढरी-काळी रेघ, लांब पांढुरक्या पायांचा हा पक्षी माळावर चार पावलं पळतो, थबकतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. थबकला की मुरमात नाहीसा होतो. त्याला झाड नको, झुडूप नको, उंच गवतही नको. चरून आखूड झालेला उघडा माळ हवा. अशा माळाला सरकारदप्तरी ‘पडीक’ म्हणतात आणि पडीक दिसलं की कुणाच्या तरी हाताला झाडं लावायची खाज सुटते. चर खणायचे, गिरिपुष्प लावायचं, फलक रोवायचा. पाच वर्षांनी तिथे बुलबुल येतो, शिंपी येतो, सातभाई येतात. मोजायला गेलात तर जातींची संख्या वाढलेली दिसेल! चंडोल, डोंबारी, माळटिटवी, धाविक, पखुर्डी गेली आणि गावोगावच्या बागेत असणारी दुप्पट पाखरं आली, तर वैविध्य वाढलं म्हणून हार घालायचे का? माझं मत स्पष्ट आहे. जातींचा नुसता एकूण आकडा फसवा असतो. कोणती पाखरं इथे नाहीत तर कुठेच नाहीत, हे आधी विचारायचं.

आकडा फसवा तशी नोंदही फसवी असते. रानपिंगळ्याचं उदाहरण द्यायलाच हवं. १८८४ नंतर हे घुबड कुणाला निश्चित सापडलं नव्हतं. मध्ये रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या बड्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मारल्याचा दावा केला आणि लोक त्या नोंदीच्या भरवशावर शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं संग्रहालयातली कातडी तपासली तेव्हा उघड झालं, की साहेबानं दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, नव्यानं शिवून, वर आपली चिठ्ठी बांधली होती. खोटी नोंद बाजूला काढल्यावर तिनं सोबत्यांसह जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ पायथ्याच्या रानात भर उजेडात रानपिंगळा बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. मोबाइलवर दुसऱ्याचा फोटो ‘आमच्या गावात दिसला’ म्हणून पुढे ढकलणाऱ्या तरुण मित्रांनी हे लक्षात ठेवावं.

आता मी ज्यासाठी आलो ते. जानेवारीची मोजणी चालू राहू द्या. पण आपल्या तालुक्याची खरी मोजणी आषाढ-श्रावणातली असली पाहिजे, आणि याला दोन कारणं आहेत.

पहिलं पाखरांचं. माळावरच्या पाखरांचा संसार मृगाच्या आगेमागे सुरू होतो आणि भाद्रपदापर्यंत चालतो. हिवाळ्यात चंडोल गप्प असतो. ढेकळात बसला की दिसत नाही. पावसाची एक सर पडून गेली की नर आकाशात चढतो, गातो, पंख फडफडवत तरंगतो. डोंबारी तर उंच जाऊन दगडासारखा खाली झेपावतो आणि जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर उचलला जातो. गवतात लपलेला लावा आवाजावरून कळतो, तोही याच दिवसांत. सुगरणीचे खोपे बाजरी निसवताना विणले जातात. ज्याला मोजायचं ते जेव्हा स्वतःहून ओरडून ‘मी इथे आहे’ सांगतं, तेव्हाच मोजलेलं बरं.

दुसरं कारण माणसांचं. जानेवारीत या तालुक्यातली माणसं घरी कुठे असतात? दसरा झाला, ऊसतोडीला कोयते निघाले. पौषात अख्खी वस्ती कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर असते; परत येते ती मढीच्या यात्रेच्या किंवा पाडव्याच्या सुमाराला. शेळ्यांमागे, मेंढ्यांमागे माळ तुडवलेली, टिटवीची अंडी मुरमात डोळे मिटून दाखवतील अशी जी माणसं, तीच मोजणीच्या दिवशी गावात नसतात. मग शहरातून गाड्या येतात, नाश्ता होतो, मोजणी होते. ती वाईट असते असं नाही. पण ज्ञान एका ठिकाणी आणि वही दुसऱ्या ठिकाणी, असं होतं. जुलैत दोन्ही एका बांधावर येतात.

काम अवघड नाही. गावाच्या शिवारात एक-एक किलोमीटरच्या चार वाटा ठरवायच्या. एक उघड्या माळावरून, एक वनखात्याच्या लागवडीतून, एक पिकांतून, एक तलावाच्या काठानं. पंधरा दिवसांनी एकदा, पाऊस थांबलेला असताना, उजाडल्यापासून तासाभरात संथ चालायचं. दिसलं ते, ऐकलं ते. अंदाजे तीस पावलांच्या आत की बाहेर, एवढंच लिहायचं. लपलेलं पाखरू लांबून सुटतं म्हणून हे अंतर लागतं. आत फार आणि बाहेर फारच कमी आली, की किती निसटत असतील याचा हिशेब नंतर कुणीही शिकलेला मांडू शकतो. चराई किती, नांगरट कुठे, नवे चर कुठे, हेही टिपायचं. घरट्याच्या जवळ जायचं नाही, त्याचा फोटो आणि ठिकाण कुठेही टाकायचं नाही. पखुर्डीसाठी मात्र उन्हाळाच बरा. ती दिवस वर आल्यावर थव्यानं पाणवठ्यावर उतरते, आणि पिलं असली की नर पोटाची पिसं भिजवून त्यांना पाणी नेतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजणाऱ्यांनी सकाळी घाईनं घरी न जाता दोन तास आणखी बसावं, एवढीच माझी सूचना आहे.

वही ठेवायची कुठे, हा प्रश्न उरतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. अनेक गावांत ती नोंदवही मुदत संपत आली तेव्हा घाईनं, शेजारच्या गावची नक्कल करून भरली गेली. ती कपाटातून काढा. मागची कोरी पानं पुष्कळ आहेत. भरताना तारीख, वेळ, वाट, चालणाऱ्याचं नाव आणि ‘काहीही दिसलं नाही’ असेल तर तेही लिहा. शाळेतल्या सरांनी-बाईंनी वही तपासावी, पण नावं गावातली चालतील. भोरड्या लिहा, लावा लिहा, होला लिहा. शास्त्रीय नावं मागाहून जोडणारे खूप मिळतात.

सुरुवात येत्या मृगात करायची आहे. ज्यांना यायचं त्यांनी सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर नाव आणि गाव लिहून जावं. मळखाऊ रंगाचे कपडे घाला, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका. आणि ज्यांना दसऱ्यानंतर कारखान्यावर जायचं आहे त्यांनी आधी लिहा, कारण वाटा आखायला आम्हाला तुम्हीच लागणार आहात.